मांडीचं हाड मोडलंय, रोबोटच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पलूसजवळ रात्री धाकट्या भावाची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. वय 27. उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलंय, बाहेर जखम नाही, डोक्याला-छातीला मार नाही. सांगलीतल्या डॉक्टरांनी उद्या रॉड टाकू म्हणून सांगितलंय. पुण्याचे चुलते म्हणतात, "इकडे रोबोटनं ऑपरेशन होतं, मिलिमीटरचाही फरक पडत नाही. तिथं घाई करू नका, चार दिवसांनी इकडे घेऊन या." घरच्यांनी कुणाचं ऐकावं?

तुमच्याकडे वेळ कमी आहे म्हणून उत्तर आधी सांगतो. रोबोटसाठी थांबू नका आणि केवळ रोबोटसाठी त्याला हलवू नका. भाऊ स्थिर असेल, रक्त आणि भूल यांची तयारी झाली असेल, तर उद्याच ऑपरेशन होऊ द्या. मी मिरजेत हाडांची ऑपरेशनं करतो आणि त्यातली बरीचशी अपघातातली असतात. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, कित्येकांच्या मागे दिवा नसतो की रिफ्लेक्टर नसतो. तुमच्या भावासारखी पोरं त्या चार महिन्यांत आमच्याकडे सतत येतात, आणि प्रत्येक वेळी मनाला लागतं, कारण पाचपन्नास रुपयांच्या लाल पट्टीनं यातले कितीतरी पाय वाचले असते.

आता चुलत्यांच्या म्हणण्याकडे येऊ. त्यांनी भल्यासाठीच सांगितलंय, पण त्यांनी पाहिलेल्या जाहिराती बहुतेक गुडघा बदलण्याच्या असणार. त्या ऑपरेशनमध्ये रोबोट खरोखर वापरला जातो आणि आता तो आपल्याकडेही ओळखीचा झालाय. हाडात दोन पिना रोवून त्यावर खुणा बसवतात, कॅमेरा त्या खुणा पाहत राहतो, आणि करवत ठरवलेल्या रेषेबाहेर जायला लागली की यंत्र हात अडवतं. हे सगळं चालतं ते एका भरवशावर: हाड एकसंध आहे. एका ठिकाणची खूण दिसली की अख्खं हाड कुठं आहे, कोणत्या कोनात आहे, ते यंत्राला कळतं. 1992 मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटोला रोबोडॉक नावाच्या रोबोटनं खुबा बदलताना मांडीच्याच हाडाची पोकळी कोरली होती. पण तेव्हाही ते हाड अखंड होतं आणि पक्कं आवळून धरलेलं होतं.

मोडलेल्या हाडात हा भरवसाच राहत नाही. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे, मधे कधी सुटलेला त्रिकोणी तुकडा. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यांत ताकदवान. ते दोन्ही टोकं एकमेकांवर चढवून ठेवतात, म्हणून पाय आखूड दिसतो. रोबोटला काम करायचं तर प्रत्येक मोठ्या तुकड्यात वेगळी पिन, वेगळी खूण हवी. शिवाय ती पिन अशा जागी हवी की पुढे तिथूनच जाणाऱ्या रॉडला अडणार नाही. पोटात घालायच्या दुर्बिणीच्या कामात नाव मिळवलेला दा विंची रोबोट तर हाडासाठी बनलेलाच नाही. एखाद्या हॉस्पिटलच्या दारावर "रोबोटिक सर्जरी" लिहिलंय, म्हणजे तिथं मांडीचं फ्रॅक्चर रोबोटनं बसवतात, असं समजू नका. फोन करून नेमकं विचारा, की मांडीच्या मधल्या फ्रॅक्चरसाठी तुम्ही रोबोट कोणत्या पायरीला वापरता. उत्तर बहुतेक वेळा "वापरत नाही" असंच येईल.

उद्या नेमकं काय होणार आहे, तेही सांगतो. मग रोबोट कुठं उपयोगी पडला असता ते आपोआप कळेल.

हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालण्याची पद्धत गेरहार्ड क्युंट्शर या जर्मन सर्जननं 1939 मध्ये कील शहरात सुरू केली. 1970 च्या दशकात त्या सळईला वर-खाली आडवे स्क्रू मारून अडकवण्याची सोय आली. तेव्हापासून मांडीच्या मधल्या भागाच्या फ्रॅक्चरला हाच उपाय जगभर पहिला मानला जातो. नीट टाकलेल्या लॉकिंग रॉडनं शंभरातली पंच्याण्णवहून जास्त हाडं जुळतात. इतका चांगला निकाल हाडांच्या फार थोड्या ऑपरेशनांत मिळतो. नवीन यंत्राला स्वतःचं मोल सिद्ध करायचं असेल तर ते या निकालाशी तुलना करून.

भूल दिल्यावर भावाला फ्रॅक्चर टेबलवर घेतील. पाय बुटात बांधून हळूहळू ताण देतील आणि सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन्ही तुकडे एका रेषेत येतात का ते पाहतील. खुब्याजवळ छोटा छेद घेऊन हाडाच्या वरच्या टोकाला भोक पाडतील. त्यातून एक लांब, टोकाशी थोडी वाकवलेली गाइड वायर आत जाते. ती वरच्या तुकड्यातून निघून खालच्या तुकड्याच्या पोकळीत शिरली पाहिजे. हा क्षण सर्जनला हातानं कळतो. वायर पोकळीत असेल तर आतल्या भिंतीला घासत खरखर पुढं जाते आणि गुडघ्याजवळ टणक हाडाला अडते. स्नायूत गेली असेल तर मऊ, बिनआवाजी सरकते. तरी दोन दिशांनी सी-आर्म लावून खात्री करायचीच. मग रीमरनं, म्हणजे हाड आतून कोरणाऱ्या ड्रिलनं, पोकळी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरनं मोठी करत नेतात आणि योग्य जाडीचा, योग्य लांबीचा रॉड ठोकून बसवतात. मोठी चिरफाड नाही, फ्रॅक्चरची जागा उघडायची नाही. तिथलं गोठलेलं रक्तच हाड जुळवायला मदत करतं, ते जागच्या जागी राहू द्यायचं असतं.

वरचे स्क्रू जिगमधून, म्हणजे रॉडला बाहेरून जोडलेल्या भोकांच्या साच्यातून, सहज जातात. खालचे अवघड, कारण लांब रॉड हाडाच्या बाकाप्रमाणे थोडा वाकतो आणि वरून लावलेल्या जिगचं भोक खालच्या भोकाशी जुळत नाही. मग सी-आर्म फिरवत राहायचं, जोवर पडद्यावर रॉडचं भोक लंबगोल न दिसता पूर्ण गोल दिसत नाही. दिसलं की ड्रिलचं टोक बरोबर मधोमध ठेवून त्याच दिशेनं घालायचं. हात सराईत असेल तर हे पटकन होतं. नसेल तर एक्स-रेवर एक्स-रे घ्यावे लागतात, आणि त्यातली बरीच किरणं सर्जनच्या नि टेबलाजवळच्या सगळ्यांच्या अंगावर येतात, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. इथं यंत्राची मदत मला मनापासून हवीशी वाटते. गंमत म्हणजे ही अडचण सोडवायला रोबोटच लागतो असंही नाही. सी-आर्म नसलेल्या हॉस्पिटलांसाठी साइन नावाचा एक भरीव रॉड बनवला गेला. तो फारसा वाकत नाही, म्हणून बाहेरच्या जिगनंच त्याचे खालचे स्क्रू लागतात.

या ऑपरेशनमध्ये खरी काळजी घ्यायची ती पिळाची, आणि ती घरच्यांना कुणी समजावून सांगत नाही. ऊस मधोमध तोडून दोन्ही तुकडे पुन्हा एका रेषेत धरले, तर लांबून सरळच दिसतो. पण वरच्या कांडीचा डोळा आणि खालच्या कांडीचा डोळा आधीच्याच दिशेला आलेत का, हे वेगळं पाहावं लागतं. मांडीच्या हाडाचंही तसंच आहे. समोरून काढलेला एक्स-रे सरळ, बाजूनं काढलेला सरळ, लांबी बरोबर, आणि तरी खालचा तुकडा वीस अंश आत किंवा बाहेर वळलेला असू शकतो. ऑपरेशननंतर सीटी स्कॅननं मोजून पाहिलेल्या अभ्यासांत 15 अंशांपेक्षा जास्त पीळ राहिलेले रुग्ण दुर्मीळ नाहीत. काही अभ्यासांत तर ते प्रमाण चारांत एकाच्या घरात गेलंय.

थोडा पीळ शरीर सांभाळून घेतं. जास्त असेल तर पाऊल आत वळवून चालणं, पळताना अडखळणं, गुडघा दुखणं सुरू होतं. आणि आपल्या माणसाला आणखी एक गोष्ट लागते: मांडी घालून बसणं. खालचा तुकडा आत वळून जुळला तर पंगतीत, देवापुढं, शेतात बांधावर मांडी घालून बसता येत नाही. ऑपरेशनचा निकाल मोजायच्या परदेशी तक्त्यांत याला गुण नसतील, आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला हेच रोज लागतं.

पीळ टाळायचा कसा? यासाठी लागणारी साधनं सांगलीत आहेत, मिरजेत आहेत, कऱ्हाड-साताऱ्यात आहेत. मोडलेल्या पायाला हात लावायच्या आधी सी-आर्मखाली चांगल्या पायाच्या गुडघ्याची वाटी बरोबर वर करून घ्यायची. मग खुब्याखाली आतल्या बाजूला हाडाचा जो छोटा उंचवटा असतो, त्याचं चित्र पडद्यावर साठवून ठेवायचं. मोडलेल्या पायाची वाटी तशीच वर केली की तिथला उंचवटा साठवलेल्या चित्राएवढाच दिसला पाहिजे. जास्त दिसला किंवा लपला तर पीळ आहे. फ्रॅक्चरच्या दोन्ही कडांना हाडाची भिंत सारख्याच जाडीची दिसते का, तेही पाहायचं. शेवटचे स्क्रू लावण्याआधी हे एवढं केलं तर मोठी गडबड होत नाही. भूल उतरण्यापूर्वी दोन्ही खुबे आणि गुडघे वाकवून पाय किती आत, किती बाहेर फिरतो ते दोन्हीकडे ताडून पाहता येतं. यासाठी लागतो तो सर्जनचा संयम आणि टीमनं दिलेली वेळ.

रोबोटचं संशोधन याच दुखण्याभोवती फिरतंय. तुकडे ताणून, फिरवून, बसवून तसेच धरून ठेवणं हे माणसाच्या हातांना थकवणारं काम आहे. ऑपरेशन चालू असताना मोजलेला जोर 400 न्यूटनच्या आसपास गेलेला आहे, म्हणजे साधारण चाळीस किलोचं वजन ओढून धरण्याइतका. सहायकाचा हात दहा मिनिटांत थरथरायला लागतो, यंत्राचा थरथरत नाही. जर्मनीत हॅनोवरच्या संशोधकांनी कारखान्यातल्या यंत्रासारख्या रोबोटच्या हातानं मांडीचे तुकडे बसवण्याचे प्रयोग केले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रोवन विद्यापीठातून रोबोसिस नावाचं तीन पायांचं यंत्र पुढं आलंय, खास मांडीच्या हाडासाठी. त्याच्या चाचण्या मृतदेहांवर झालेल्या आहेत. कल्पना चांगली आहे: खालचा तुकडा यंत्रात धरायचा, सर्जननं बाजूला बसून हळूहळू हलवायचा, पडद्यावर पीळ अंशांत दिसत राहील. हे उद्या आपल्या जिल्ह्यात आलं तर मी आनंदानं शिकेन. पण प्रयोगशाळेतलं यंत्र आणि आज रात्री कॉटवर असलेला तुमचा भाऊ यांच्यात अजून बरंच अंतर आहे.

मांडीच्या एका फ्रॅक्चरमध्ये मात्र रोबोट प्रत्यक्ष रुग्णांवर वापरला जातोय, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तरुण माणसात खुब्याच्या मानेचं, म्हणजे सांध्यातल्या गोळ्याखालच्या अरुंद भागाचं, हाड मोडलं तर तीन पोकळ स्क्रू एकमेकांना समांतर, त्रिकोणात बसवायचे असतात. मान अरुंद, स्क्रूची दिशा थोडी चुकली तरी पुन्हा भोक पाडावं लागतं. चीनमध्ये बीजिंगच्या जिशुइतान हॉस्पिटलमधून नावारूपाला आलेला टायरोबोट हा स्क्रूची दिशा दाखवतो. त्यामुळे पुन्हापुन्हा भोकं पाडणं आणि एक्स-रे घेणं कमी होतं. तरी तुकडे जागेवर बसवायचं काम तिथंही सर्जनच्याच हातांचं असतं. तुकडे वाकडेच राहिले तर स्क्रू कितीही नेमके बसोत, हाड जुळत नाही.

मानेचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. मोटारसायकलच्या जोरदार धडकेत मांडी मधोमध मोडते तेव्हा शंभरातल्या काही जणांची खुब्याची मानही बारीक तडकलेली असते, आणि ती साध्या एक्स-रेत सहज सुटते. सगळ्यांचं लक्ष मोठ्या फ्रॅक्चरकडे असतं ना. उद्या सकाळी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: "खुब्याची मान पाहिलीत का?" मुद्दाम काढलेला एक्स-रे किंवा बारीक कापांचा सीटी स्कॅन बघून त्यांनी "पाहिली" म्हटलं की तुमचं काम झालं. तडा असेल तर ऑपरेशनची आखणीच बदलते.

आता चार दिवस थांबण्याबद्दल. मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरमध्ये बाहेर थेंब न सांडता एक ते दीड लिटर रक्त आतल्या आत साचू शकतं. हाड हलत राहिलं की मज्जेतली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसांकडे जाण्याचा धोका असतो, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यांत जास्त असतो. धाप लागणं, बरळायला लागणं, छातीवर बारीक लाल ठिपके, ही त्याची लक्षणं. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाचं हाड पहिल्या 24 तासांत पक्कं करायचा प्रयत्न असतो. सांगलीहून पुणं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मधे खंबाटकी घाट. त्यात स्नायू आखडत जातात, ते वेगळंच. पाच दिवसांनी तेच तुकडे बसवायला जास्त ताण लागतो आणि वेळही.

पण मोठ्या ठिकाणी न्यायला हवं अशा वेळाही असतात. पाऊल गार पडलंय, नाडी लागत नाही. डोक्याला किंवा छातीला मार आहे आणि जवळ नीट आयसीयू नाही. फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यात शिरून त्याचे बारीक तुकडे झालेत. हॉस्पिटलमध्ये सी-आर्मच नाही. अशा वेळी थॉमस स्प्लिंटमध्ये, म्हणजे पाय ताणून सरळ धरणाऱ्या चौकटीत, पाय बांधून, सलाईन चालू ठेवून, पुढच्या डॉक्टरांशी आधी बोलून 108 नं न्या. गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून नेऊ नका. पाऊल गार असेल तर मिनिटं मोजायची असतात, आणि तेव्हा पुण्याआधी मिरज, कऱ्हाड किंवा कोल्हापूर जवळ आहे का ते पाहा. 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालेल्या मिरजेत कर्नाटकातून माणसं रेल्वेनं ऑपरेशनला येत आली आहेत. इथल्या डॉक्टरांवर विश्वास ठेवायला संकोच करू नका.

याच प्रश्नाखाली दोघातिघांनी आपल्या आजी-आजोबांचं विचारलंय, म्हणून थोडं. न्हाणीत पाय घसरून खुबा मोडलेल्या ऐंशीच्या म्हातारीला रोबोटची गरज नसते. तिला 48 तासांच्या आत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं राहणं लागतं. "वय झालंय, भूल झेपणार नाही, वजन लावून पडू दे" हे ऐकलं की मला आजही फार वाईट वाटतं. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, पायात गुठळी होते. त्यातून माणूस जातो, भुलीनं जातो त्याहून कितीतरी जास्त.

पैशांचं. अपघाताची ऑपरेशनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. तुमचं हॉस्पिटल त्या योजनेत आहे का ते आजच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. रोबोटसाठी लाख-दीड लाख गोळा करायची तुमची तयारी असेलच, तर ते भावाच्या पुढच्या सहा महिन्यांसाठी ठेवा. त्याला काही महिने काम करता येणार नाही, फिजिओथेरपिस्ट लागेल, अंडी-डाळ-दूध लागेल. तंबाखू, मावा, सिगारेट पूर्ण बंद. तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही, आणि यात मिश्रीही आली. पाय सुजलाय म्हणून कुणी हाडवैद्याकडे चोळायला नेऊ पाहील, त्याला हात जोडून नाही म्हणा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवायला सुरुवात झाली पाहिजे. दुखेल, तरी. पायावर किती वजन द्यायचं ते ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच विचारा, कारण फ्रॅक्चरचा प्रकार आणि रॉडची पकड त्यांनी पाहिलेली असते. साध्या आडव्या फ्रॅक्चरमध्ये पुष्कळदा लवकर वजन देऊ देतात, बारीक तुकडे असतील तर थांबवतात. हाड जुळायला तीन ते सहा महिने धरून चला.

ऑपरेशननंतरचा एक्स-रे खुब्यापासून गुडघ्यापर्यंत अख्ख्या मांडीचा काढलाय ना ते पाहा. वेदना कमी झाल्या की भावाला उताणा झोपवून दोन्ही पाय सैल सोडायला सांगा आणि पायथ्याशी उभं राहून दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या आणि पावलं कुठल्या बाजूला कलतात ते बघा. फरक ठळक वाटला तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, संकोच करू नका, रागही धरू नका. दोन्ही मांड्यांचा सीटी काढून पीळ अंशांत मोजता येतो. हाड जुळायच्या आत खालचे दोन स्क्रू काढून, पाय फिरवून, पुन्हा स्क्रू लावणं हे छोटं काम आहे. जुळल्यानंतर हाड कापावं लागतं.